किनाऱ्याची बेगमी

पावसाळ्याच्या आधी आपण पापड, कुरडया, लोणची, सुकी मासळी अशी सगळी बेगमी करून ठेवतो. समुद्रकिनारासुद्धा अशीच बेगमी करतो, हे ठाऊक आहे का? त्याची बेगमी असते वाळूची!

पाऊस सरला की समुद्र शांत होतो. लाटा वाळू पुळणीवर आणून टाकतात, वारा ती मागे ढकलतो आणि भरतीच्या रेषेपलीकडे वाळूची टेकाडं तयार होतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की तो आधी ही वाळू ओढून नेतो. तोवर मागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं सुरक्षित राहतात. गेलेली वाळू पुढच्या मोसमात हळूहळू परत येते.

ती धरून ठेवते मर्यादवेल. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळट-गुलाबी फुलं आणि पेरापेराला फुटणारी मुळं. पण वेल तुडवली, टेकाडावर गाड्या घातल्या, टपऱ्यांसाठी ते सपाट केलं, की साठा उघडा पडतो. मग दगडी बंधारे बांधावे लागतात, आणि पुष्कळदा बंधाऱ्यापुढची पुळणच नाहीशी होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही महाड-पोलादपूरच्या बायका, आमचा समुद्राशी काय संबंध? अहो, आपली सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि हरिहरेश्वर-बाणकोटच्या मध्ये समुद्राला मिळते. जाताना ती वाळूही नेते. घराच्या स्लॅबसाठी ती खाडीतून बेसुमार उपसली, तर किनाऱ्याच्या कोठीत भर कुठून पडणार?

बाणकोटच्या अलीकडे-पलीकडे किनारा वाचला तर काय होतं, ते वेळासला दिसतं. हे नाना फडणविसांचं गाव. इथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवीणी रात्री येतात, दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं बघायला पाहुणे येऊ लागले आणि गावातल्या बायकांच्या हातच्या जेवणाला घरबसल्या मोल आलं.

पिल्लं उजेडाकडे धावतात. पाठीमागे उंच, काळोखं टेकाड असलं तर ती समुद्राकडेच वळतात, दिव्यांकडे भरकटत नाहीत. म्हणून कासवालाही टेकाड हवंच. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे ते उगीच नाही.

मोडलेलं टेकाड पुन्हा उभं करता येतं. काट्याकुट्यांचं बुटकं कुंपण घातलं की वाऱ्यावरची वाळू तिथे अडकते. पावसाच्या सुरुवातीला त्यावर मर्यादवेलीच्या कांड्या लावायच्या आणि माणसांसाठी एकच पायवाट ठेवायची. पैशापेक्षा धीर जास्त लागतो.

सहलीला निघताना एवढं जरूर करा. गाडी पुळणीवर नेऊ देऊ नका. मुलांना वेल उपटू देऊ नका, तिचं नाव मात्र सांगा. डबे, पिशव्या परत आणा. कासवाच्या मोसमात रात्री बॅटरी लावून फिरू नका. आणि घर बांधायला काढलंत, तर वाळू कुठली आणि परवान्याची आहे का, हा प्रश्न घरच्या बाईनंच विचारावा. घरातली बेगमी सांभाळणारीला तो शोभतोही.