काळ्या रानातली खाऊबाग
जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि पाथरीच्या शिवारात ऊस फोफावला. तरी बारमाही खाऊ घालणारी झाडं लावायची तर खरी आडकाठी जमिनीची. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं तटातट तुटतात. पावसाळ्यात पाणी तुंबलं की शेवग्याची मुळं सडतात, म्हणून तो बांधाच्या उंचवट्यावरच लावावा. शेजारी हादगा: मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, गळलेल्या पाल्यातून तो मातीत उतरतो. फुलांची भाजी वेगळीच.

बोरी मात्र वस्ताद. सोटमूळ खोल, ऐन उन्हाळ्यात पानं गाळून बसते, पावसाबरोबर पालवते, थंडीत फळते. पाण्याची ओढ असते तेव्हा तिची मागणीच नसते!

कोकणातल्या परसबागेची नक्कल इथे करू नये; तशी दाट, गर्द उतरंड मराठवाड्याच्या उन्हात पाण्यावाचून तगत नाही. झाडांत अंतर ठेवा, कुंपणाला करवंद लावा आणि बुंध्याशी उसाचं पाचट जाड पसरा. नाहीतरी बरंचसं फडातच जाळलं जातं.