फ्लूची लस मुलांना द्यावी का? पालकांच्या शंका आणि सरकारी दवाखान्यावरचा विश्वास

मे महिना संपत आला की दवाखान्यात फ्लूच्या लशीची चौकशी सुरू होते. गेल्या वर्षी एकाच दिवशी मला दोन पालकांनी दोन टोकांचे प्रश्न विचारले. दीड वर्षाच्या मुलाची आई म्हणाली, "डॉक्टर, ही लस एवढी गरजेची असती, तर सरकारने फुकट दिली नसती का?" तासाभराने आलेले एक बाबा म्हणाले, "आम्हाला सरकारी लस नकोच. पैसे घ्या, पण सगळ्या लशी तुमच्याकडच्याच द्या."

म्हणजे आईला विकतची लस अनावश्यक वाटत होती आणि बाबांना मोफतची लस कमी प्रतीची वाटत होती. दोघेही लशीची पारख तिच्या किमतीवरून करत होते. तुमच्या मनातही यातली एखादी शंका असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे

लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे नेहमीचेच आहे. त्याला अनेक वेगवेगळे विषाणू कारणीभूत असतात. फ्लू हा इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूचा आजार आहे. त्यात अचानक जोराचा ताप येतो, अंग दुखते, कोरडा खोकला येतो आणि मूल एकदम गळून जाते. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. काहींना मात्र न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला किंवा हृदयाच्या स्नायूला सूज येते. पाच वर्षांखालील मुलांना, त्यातही दोन वर्षांखालील मुलांना, हा धोका जास्त असतो.

पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू त्या महिन्यात पुण्यात झाला. ती एक शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, रुमाल आणि मास्क लावून माणसे तपासणीच्या रांगांत उभी राहिली. तो विषाणू नंतर नाहीसा झाला नाही. आज तो दरवर्षी येणाऱ्या नेहमीच्या फ्लूचाच एक भाग आहे आणि म्हणूनच फ्लूच्या लशीत त्याचा समावेश असतो.

लस काय करते आणि काय करत नाही

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत हे ठरवते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण म्हणजे लशीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत कमी होत जाते.

ही लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. लशीतले प्रकार आणि त्या वर्षी पसरलेले प्रकार चांगले जुळले, तर डॉक्टरकडे जावे लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. न जुळल्यास फायदा त्याहून कमी. पण लस घेऊनही फ्लू झाला, तर तो सहसा सौम्य असतो आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी येते. भर पावसात छत्री घेतली तरी पाय भिजतातच. म्हणून आपण छत्री घरी ठेवून जात नाही.

आणखी एक गोष्ट. ही लस फक्त फ्लूपासून वाचवते, प्रत्येक सर्दी-खोकल्यापासून नाही. "लस देऊनही महिन्यात दोनदा सर्दी झाली" ही तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या विषाणूंबद्दल असते.

कोणाला, कधी, किती?

- सहा महिने पूर्ण झाल्यावर ही लस देता येते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील सर्व मुलांना ती दरवर्षी द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे.
- पाच वर्षांनंतर दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांना ती अवश्य द्यावी.
- नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदाच लस देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पुढच्या वर्षांपासून दरवर्षी एकच डोस.
- महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा थोडी वाढ दिसते. लशीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. त्यामुळे एप्रिल-मे ही योग्य वेळ. ती हुकली, तर जूनमध्ये द्या. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.
- सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणात लस घेतली, तर तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

*लशीमुळेच फ्लू होतो का?* नाही. आपल्याकडे इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो. टोचलेली जागा दुखणे, एक-दोन दिवस कणकण किंवा किरकिर हे त्रास होऊ शकतात आणि ते आपोआप जातात.

*गंभीर त्रास होऊ शकतो का?* होऊ शकतो, पण फार क्वचित. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया साधारण दहा लाख डोसमध्ये एखाद्याला येते आणि ती बहुधा काही मिनिटांतच दिसते. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. तो अर्धा तास घाईत टाळू नका.

*अंड्याची ॲलर्जी असेल तर?* बहुतेक मुलांना लस देता येते, पण डॉक्टरांना आधी सांगा. याच लशीच्या आधीच्या डोसने तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर मात्र ती पुन्हा देत नाहीत.

*लशींमुळे कधी नुकसान झालेच नाही का?* झाले आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २००९-१० मध्ये युरोपात वापरलेल्या एका स्वाईन फ्लूच्या लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार झाला. लसीकरणानंतरच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेमुळेच हे लक्षात आले. ती लस आता वापरात नाही. यातून घ्यायचा धडा असा की लशीवर कायम नजर ठेवणारी व्यवस्था हवी आणि पालकांनी त्रास झाल्यास तो नोंदवायला हवा.

मग सरकार ही लस मुलांना मोफत का देत नाही?

त्या आईचा प्रश्न रास्त होता. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही. पण याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा नाही.

देशात पाच वर्षांखालील मुले दहा कोटींहून जास्त आहेत. गोवराची लस एकदा-दोनदा दिली की काम भागते. फ्लूची लस प्रत्येक मुलाला दरवर्षी, तीही पावसाळ्याआधीच्या थोड्या आठवड्यांत द्यावी लागेल. हाती असलेल्या पैशात आणि मनुष्यबळात सरकार आधी त्या लशी निवडते ज्या थोड्या डोसांत, दीर्घकाळ आणि जास्त जीव वाचवतात. सार्वजनिक कार्यक्रम ठरवताना सगळ्या मुलांचा एकत्र हिशेब करावा लागतो. तुमच्या एका मुलासाठी निर्णय घेताना हिशेब वेगळा असू शकतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी रुग्णालयांतून गर्भवती महिला, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी अशा जास्त धोक्याच्या गटांना फ्लूची लस मोफत देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. घरात कोणी गरोदर असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात साठा आहे का याची चौकशी जरूर करा.

सरकारी केंद्रावर विश्वास ठेवावा का?

आता त्या बाबांचा प्रश्न. सरकारी दवाखान्याबद्दलचा अविश्वास हवेतून येत नाही. लांब रांग, तुटक उत्तरे, "आज लस संपली, उद्या या" हे अनुभव अनेकांनी घेतले आहेत. २०२१ च्या पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात १२ लहान मुलांना पोलिओ डोसऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली, संबंधितांवर कारवाई झाली. पण अशी बातमी वाचून आईबापांच्या पोटात गोळा आला, तर त्यांना अडाणी म्हणता येणार नाही.

त्याच वेळी हेही खरे की याच यंत्रणेने, याच आशाताई आणि नर्सताईंनी घरोघर जाऊन या देशातून पोलिओ हटवला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

यवतमाळच्या घटनेत दोष लशीचा नव्हता, डोस देणाऱ्यांच्या हलगर्जीपणाचा होता. अशी चूक होऊ न देणे ही यंत्रणेचीच जबाबदारी आहे. पण विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे असे नाही. विचारणे आणि पाहणे हा तुमचा हक्क आहे. सरकारी केंद्र असो वा खासगी दवाखाना, लस देण्याआधी एवढे पाहा:

१. नाव आणि तारीख. कुपी किंवा सिरिंजवरचे लशीचे नाव आणि मुदत दाखवायला सांगा. फ्लूच्या लशीच्या खोक्यावर कोणत्या वर्षाची लस आहे हेही लिहिलेले असते.

२. थंडावा. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. फ्लूची लस गोठली तर वाया जाते. वीज गेल्यावर काय सोय आहे, हे खासगी दवाखान्यातही विचारा.

३. कुपीवरची खूण. सरकारी कार्यक्रमातील लशींच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल, तर लस चांगली आहे. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला असेल, तर ती लस वापरायची नसते.

४. सिरिंज. नवी, तुमच्यासमोर फोडलेली असावी. सरकारी केंद्रावरची सिरिंज एकदा वापरल्यावर आपोआप लॉक होते.

५. चार गोष्टी. कोणती लस दिली, ती कोणत्या आजारासाठी, काय त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करायचे, आणि पुढची तारीख कोणती. नर्सताईंनी हे सांगायचेच असते. सांगितले नाही, तर विचारा. कार्डवर नोंद करून घ्या.

नंतर काही गंभीर त्रास झाला, तर तो आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा तुमच्या डॉक्टरांना कळवा. अशा घटनांची चौकशी करण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. तुम्ही कळवलेच नाही, तर ती चौकशी सुरूच होणार नाही.

पैसे मोजकेच असतील तर?

खासगीत फ्लूच्या एका डोसला साधारण दीड-दोन हजार रुपये लागतात. पहिल्या वर्षी दोन डोस. अनेक घरांत ही रक्कम म्हणजे महिन्याचा किराणा. म्हणून स्पष्टच सांगतो: आधी सरकारी वेळापत्रकातील सर्व मोफत लशी वेळेवर पूर्ण करा. त्यातली न्यूमोकोकल लस (दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने) आणि पेंटाव्हॅलंट लस फ्लूनंतर होणाऱ्या न्यूमोनियाच्या काही प्रमुख जिवाणूंपासून वाचवतात. त्यांच्यासाठी खासगीत पैसे मोजण्याची गरज नाही. ते वाचलेले पैसे फ्लूच्या लशीला वापरा. मुलाला दमा किंवा हृदयाचा आजार असेल, तर ही लस टाळू नका. मूल निरोगी असेल आणि परवडतच नसेल, तर स्वतःला दोष देऊ नका. हात धुणे, आजारी माणसाला बाळापासून दूर ठेवणे, ताप असताना पाळणाघरात किंवा शाळेत न पाठवणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे, हेही मोठे संरक्षण आहे.

वाट न पाहता दवाखाना गाठा, जर:

- श्वास जोरात चालत असेल (दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त), किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल
- ओठ निळसर झाले असतील, मूल सुस्त पडले असेल किंवा झटका आला असेल
- दूध-पाणी घेणे बंद झाले असेल, लघवी कमी झाली असेल
- ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला असेल

फ्लूवरचे औषध ४८ तासांच्या आत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका आणि उरलेली अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका.

त्या दिवशी आईने मुलाला फ्लूचा पहिला डोस दिला. बाबांनी बाळाच्या बाकीच्या लशी घराजवळच्या आरोग्य केंद्रात द्यायचे ठरवले, "पण कुपी बघूनच" असे म्हणून. मला तो निर्णय आवडला. पुढच्या लशीला जाल तेव्हा तुम्हीही कार्ड सोबत घ्या आणि मनातला प्रश्न विचारून टाका. ज्या ठिकाणी तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळते आणि कुपी दाखवली जाते, तिथे विश्वास ठेवायला हरकत नाही. दारावर सरकारी पाटी आहे की खासगी, हा त्यानंतरचा प्रश्न.