सांगण्याजोगा अनुभव कोणता?

आपल्याकडे बारावीनंतर कॉलेजात प्रवेश मिळतो तो बहुधा गुणांवर, नाहीतर प्रवेश परीक्षेवर. अमेरिकेतली बरीच महाविद्यालये मात्र गुणांबरोबर एक निबंधही मागतात. तिकडच्या शेकडो महाविद्यालयांचा ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एकच सामाईक अर्ज आहे. त्यातला निबंध २५० ते ६५० शब्दांत बसवायचा असतो, आणि त्यातून अर्जदार माणूस म्हणून कसा आहे ते कळावे, अशी अपेक्षा असते.

आता असे पाहा. माणिकपूरची एखादी मुलगी हा अर्ज भरायला बसली. तिला पहिली शंका येणार, ‘माझ्या आयुष्यात घडलंय तरी काय?’ मग तिला जुलै २०१८ चा पूर आठवेल. वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद पडल्या, मिठागरात शेकडो माणसे अडकली. प्रसंग मोठा खरा. पण तो साऱ्या वसईचा. त्यात आपण काय केले, हे तिला सांगता येत नसेल तर ती नुसती बातमी झाली.

उलट समजा, तिची आजी वाडीतली भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाते. हिशेब सगळा तोंडी. एके दिवशी नात वही घेऊन आजीची चूक दाखवायला बसते, आणि चूक निघते ती वहीतच! तेव्हापासून कोणतेही उत्तर आले, की ती ते उलट बाजूने पडताळून पाहते. हा खरा विषय. कारण प्रसंग तिचा स्वतःचा आहे, त्यात तिने काही केले आहे, आणि पुढे तिच्या वागण्यात फरक पडला आहे. विषय निवडताना याच तीन कसोट्या लावा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात ‘अविस्मरणीय प्रसंग’ लिहून घेताना पुष्कळदा वाक्ये आपलीच असतात. इथे तसे करू नका. ‘मग तू काय केलंस?’ एवढे विचारा आणि थांबा. घरचे दुःख सांगितलेच पाहिजे असेही नाही. रचून तर मुळीच सांगू नये. माहिती खरी असल्याची सही अर्जावर करावी लागते, आणि खोटे उघडकीला आले तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

नुसत्या निबंधावर प्रवेश मिळत नाही, अभ्यास हवाच. पण आज जेवताना मुलांना विचारून तर पाहा, ‘यंदा तुझं कोणतं मत बदललं, आणि कशामुळे?’ विषय बहुधा तिथेच सापडेल.