गुरू टिपताना आधी एक्सपोजर, मग गेन

दुर्बिणीमागचा कॅमेरा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण फोकसपर्यंत आलो होतो. उपग्रहांचे ठिपके बारीक झाले, गुरूच्या पट्ट्यांच्या कडा दिसू लागल्या. आता व्हिडिओ घ्यायचा. फायरकॅप्चर घ्या किंवा शार्पकॅप, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दोन स्लायडर ठळक दिसतात : एक्सपोजर आणि गेन. कुठलाही उजवीकडे सरकवला की गुरू उजळतो. त्यामुळे दोघांचे काम एकच, असा समज होतो आणि तिथेच बरेच व्हिडिओ वाया जातात.

एक फ्रेम घेताना सेन्सरने किती वेळ प्रकाश गोळा करायचा, हे एक्सपोजर ठरवते. गेन प्रकाश गोळा करत नाही. जमलेल्या प्रकाशातून तयार झालेला संकेत तो फक्त मोठा करतो. गेन कितीही चढवला तरी गुरूकडून एक फोटॉनही जास्त येत नाही. म्हणून सेटिंगचा क्रम ठरलेला आहे. एक्सपोजर किती ठेवायचे हे हवा सांगते. मग उजेडात जी कसर राहील ती गेनने भरून काढायची.

हवा काय सांगते?

लाइव्ह चित्रात गुरूची कड पाहा. ती सतत लवलवत असते. एक्सपोजर लांबले तर ही लवलव एकाच फ्रेममध्ये मिसळते आणि तपशील पुसला जातो. ते छोटे असेल तर अनेक फ्रेम खराब निघतात, पण मधूनच हवा स्थिरावते तेव्हाची फ्रेम स्वच्छ मिळते. स्टॅकिंगसाठी आपल्याला त्याच हव्या असतात. गुरूसाठी साधारण ५ ते १५ मिलिसेकंद ही सुरुवातीची चांगली मर्यादा.

१० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू मिथुन राशीत होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यातून पाहताना खमध्यापासून जेमतेम तीन-चार अंशांवर येत होता. इतक्या उंचीवर वातावरणाचा थर सर्वांत पातळ लागतो. तरीही दुर्बीण दिवसभर तापलेल्या गच्चीच्या स्लॅबवर मांडली, तर खालून निघणारी ऊब चित्र हलवणारच. तेव्हा एक्सपोजर सवयीने लावू नका. त्या रात्री कड पाहा आणि मग ठरवा.

आकडे मांडून पाहू

समजा, २० मिलिसेकंद आणि गेन २४० या सेटिंगला हिस्टोग्राम ७० टक्क्यांपर्यंत पोचतो, पण कड लवलवते आहे. एक्सपोजर निम्मे, म्हणजे १० मिलिसेकंद करा. हिस्टोग्राम ३५ टक्क्यांवर येईल. झेडडब्ल्यूओच्या एएसआय कॅमेऱ्यांत गेनचा एक आकडा म्हणजे ०.१ डेसिबल, ६० आकडे वाढले की संकेत दुप्पट होतो. म्हणून गेन ३०० केला की हिस्टोग्राम परत ७० टक्क्यांवर. इतर कंपन्यांची मोजपट्टी वेगळी असू शकते, तेव्हा आपल्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका एकदा जरूर पाहा.

आता पडद्यावरचे चित्र अधिक रवाळ दिसेल आणि हात आपोआप गेन कमी करायला जाईल. जाऊ देऊ नका. हा रवाळपणा मुख्यतः फ्रेममध्ये प्रकाश कमी जमल्यामुळे आहे. २० मिलिसेकंदाला सेकंदाला जास्तीत जास्त ५० फ्रेम मिळतात, १० मिलिसेकंदाला १००. दोन मिनिटांत पहिल्या पद्धतीने ६,००० फ्रेम होतात, दुसऱ्या पद्धतीने १२,०००. दोन्हीकडे एकूण प्रकाश १२० सेकंदांचाच. फरक इतकाच की प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा थोडा रीड नॉइज मिसळतो, आणि फ्रेम दुप्पट झाल्या की तो दुप्पट वेळा मिसळला जातो. मात्र आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये चढ्या गेनला तो साधारण एका इलेक्ट्रॉनइतकाच असतो. एका पिक्सेलमध्ये १०० इलेक्ट्रॉन जमले तर प्रकाशाची स्वतःचीच चढउतार १० इलेक्ट्रॉनांची असते. रीड नॉइज धरून ती १०.०५ होते. एवढ्याशा किमतीत हवा गोठवता येत असेल तर सौदा फायद्याचा आहे. अट एकच : कॅमेरा खरोखर सेकंदाला १०० फ्रेम पाठवत असला पाहिजे. त्यासाठी यूएसबी ३ जोडणी वापरा आणि गुरूभोवतीची चौकट लहान करा.

हिस्टोग्राम भरायचा किती?

६० ते ७५ टक्के पुरे. हवेमुळे तेज क्षणाक्षणाला वरखाली होते, त्यासाठी वर जागा मोकळी हवी. रंगीत कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आलेख वेगवेगळे पाहा. सर्वांत पुढे असलेला आलेख उजव्या भिंतीला टेकता कामा नये. विषुववृत्ताजवळचा उजळ पट्टा एकदा पांढराफटक झाला की त्यातल्या छटा कोणत्याही प्रक्रियेने परत येत नाहीत. आणि गुरूवर छटांनाच महत्त्व असते. २००६ मध्ये फिलिपिन्समधल्या सेबूचे हौशी निरीक्षक ख्रिस्तोफर गो यांच्या लक्षात आले की ‘ओव्हल बीए’ हा पांढरा डाग लालसर होतो आहे. असा बदल पकडायचा तर रंगाचे आलेख शाबूत हवेत.

डावीकडेही लक्ष असू द्या. आलेख शून्याला चिकटला असेल तर ऑफसेट किंचित वाढवा. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो गेन बंद ठेवा. काळ्या आकाशातला छोटा ग्रह पाहून ऑटो फसतो आणि गुरू जाळून टाकतो. शार्पकॅपमधला डिस्प्ले स्ट्रेच फक्त पडद्यावरचे चित्र उजळतो, फाइलमधले नाही. त्यामुळे डोळ्यांना काय दिसते यापेक्षा हिस्टोग्रामवर विश्वास ठेवा.

व्हिडिओ दोन मिनिटांचाच का? गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे दोन मिनिटांत सुमारे १.२ अंश. तेवढ्या वेळात तबकडीच्या मध्यावरचा ठिपका साधारण अर्धा आर्कसेकंद सरकतो, आणि ८ इंची दुर्बिणीची विभेदनक्षमताही जवळपास तेवढीच आहे. शनीवर सूर्यप्रकाश गुरूच्या सुमारे एक तृतीयांश पडतो. तिथे एक्सपोजर थोडे लांबवावे लागते आणि गेनही चढवावा लागतो. क्रम मात्र हाच.

या आठवड्याचा सराव : त्याच रात्री लागोपाठ २०, १० आणि ५ मिलिसेकंदांचे तीन व्हिडिओ घ्या. दर वेळी गेन बदलून हिस्टोग्राम ७० टक्क्यांवर आणा. दोन्ही सॉफ्टवेअर व्हिडिओसोबत सेटिंगची मजकूर-फाइल जपून ठेवतात, त्यामुळे वेगळी टिपणे नकोत. तिन्हींतल्या उत्तम पाव फ्रेम स्टॅक करा आणि मोठ्या पट्ट्यांच्या कडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. तुमच्या गच्चीचा आकडा त्यातून हाती लागेल.

पुढील लेखांकात तेजोमेघांकडे वळू. तिथे एक फ्रेम मिनिटामिनिटांची असते आणि एक्सपोजर किती लांबवायचे हे हवेऐवजी शहराच्या दिव्यांनी उजळलेले आकाश ठरवते.