बेंझिनला आवाज नसतो

धुळ्याच्या आमच्या वस्तीत घरोघरी चपला शिवल्या जात. तळ चिकटवायला सोल्युशन लागे. त्याचा वास आम्हा पोरांना आवडे. चामड्याचे काम जातीने आमच्या वाट्याला दिले. रसायन त्यात मागाहून आले. त्याने काय होते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

ते सांगितले इस्तंबूलच्या चांभारांच्या रक्ताने. तिथल्या चिकटद्रव्यात बेंझिन असे. डॉ. मुझफ्फर अक्सोय व सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे २८,५०० पादत्राण-कामगारांपैकी २६ जणांना रक्ताचा कर्करोग वा त्याची पूर्वावस्था आढळली. बेंझिन श्वासातून शरीरात जाते. त्यापासून बनणारी द्रव्ये हाडांतल्या मगजावर, म्हणजे रक्त जिथे तयार होते तिथेच, घाव घालतात. रोग दिसायला वर्षे लागतात.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बेंझिनजन्य रोग होते. एकाच मालकाकडे सलग सहा महिने असे काम केलेल्याला तो रोग झाला, तर तो कामावरचा अपघात मानावा. तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

मग भरपाई अडते कुठे? मालक आणि कागद या दोन शब्दांपाशी. स्वतःच्या ओट्यावर चपला शिवणाऱ्याला मालकच नाही. माझा मावसभाऊ जळगावात ठेकेदाराकडे आठ वर्षे रसायनाची पिंपे उचलतो आहे. हजेरीपटावर त्याचे नाव नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मेली. तो आवाज सर्वांनी ऐकला, सरकारने मदत जाहीर केली. बेंझिनला आवाज नसतो. त्याच्या बाजूने बोलतो तो फक्त कागद.

म्हणूनच १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश त्या उद्योगाला दिला. आपल्या मालकाने ठेवो न ठेवो, आपण ठेवावी. हजेरीची चिठ्ठी, पगाराचे पाकीट, पिंपावरचे नाव, रक्ततपासणीचा कागद पत्र्याच्या पेटीत जपावा.

मावसभावाला मी हेच सांगितले. तो म्हणाला, "दादा, चिठ्ठी मागितली तर उद्या कामावर कोण घेईल?"

या प्रश्नाचे उत्तर एकट्या माणसाजवळ नाही. चिठ्ठी साऱ्यांनी मिळून मागावी लागेल.