हुमणी आणि ढालकिडा

हुमणी व ढालकिडा हे कोलिऑप्टेरा या गणातील दोन भुंगेरे आहेत. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गोदावरीकाठच्या शहागडसारख्या ऊस व कापूस पिकविणाऱ्या भागात या दोघांची तुलना विशेष महत्त्वाची ठरते. कारण पहिला पिकाचा शत्रू, तर दुसरा मित्र आहे.

साम्य
दोहोंच्या पुढील पंखांचे कठीण आवरण झालेले असते व त्याखाली उडण्याचे पातळ पंख दुमडलेले असतात. अंडी, अळी, कोष व प्रौढ या चार अवस्थांतून दोघांचेही पूर्ण रूपांतरण होते.

हुमणी
होलोट्रिकिया सेरॅटा ही महाराष्ट्रात आढळणाऱ्या हुमणीची एक प्रमुख जाती असून तिचे कुल स्कॅरॅबिडी आहे. वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनंतर तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमून पाला खातात. मादी जमिनीत अंडी घालते. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली पांढुरकी अळी ऊस, भुईमूग, सोयाबीन इत्यादी पिकांची मुळे कुरतडते. त्यामुळे पीक पिवळे पडून वाळते. वर्षाला एकच पिढी होते.

ढालकिडा
सात ठिपक्यांचा ढालकिडा म्हणजे कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा. त्याचे कुल कॉक्सिनेलिडी. लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला हा कीटक साधारण ५ ते ८ मिलिमीटर लांब असतो. मादी माव्याच्या वसाहतीजवळ पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालते. अळी व प्रौढ दोघेही मावा खातात. डिवचल्यास तो पायांच्या सांध्यांतून कडवट पिवळा द्रव सोडतो. अनुकूल हवामानात जीवनक्रम सुमारे महिनाभरात पूर्ण होत असल्याने वर्षात अनेक पिढ्या होतात.

शेतीतील महत्त्व
ढालकिड्याची काळसर, लांबट अळी प्रौढासारखी दिसत नाही. त्यामुळे ती कीड समजून मारली जाण्याचा संभव असतो. व्यापक परिणामाच्या कीटकनाशकाने माव्याबरोबर ढालकिडेही मरतात आणि पुढे मावा अधिक वेगाने वाढू शकतो. याउलट हुमणीची अळी जमिनीत असल्याने पानांवरील फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर, अंडी घातली जाण्यापूर्वीच, रात्री झाडांच्या फांद्या हलवून किंवा प्रकाश सापळे लावून भुंगेरे गोळा करून नष्ट करतात. हे काम गावातील सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी केल्यास अधिक परिणामकारक ठरते. जमिनीतील अळीसाठी मेटारायझियम ॲनिसोप्ली ही परोपजीवी बुरशी वापरतात.