मुलाखतीनंतरचा नकार आणि दुसरा अर्ज

अमेरिकेत वाढलेली एक मराठी मुलगी जीवशास्त्राची पदवी घेते, दोन वर्षे रुग्णवाहिकेवर काम करते आणि फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमासाठी दहा-बारा ठिकाणी अर्ज पाठवते. तीन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे येते. घरात पेढे आणायचे तेवढे बाकी राहतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकेक ईमेल येऊ लागतो : या वर्षी आम्ही आपल्याला जागा देऊ शकत नाही. पुण्याहून आजीचा फोन येतो आणि ती साहजिकच विचारते, “किती मार्कांनी गेलं गं?”

या प्रश्नाला उत्तर नसते, आणि खरी अडचण तीच आहे. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेश म्हणजे एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी आणि एक कट-ऑफ. नापास झालो तर कुठे कमी पडलो हे निदान कळते. अमेरिकेतील या प्रवेशात माणूस दारापर्यंत पोचतो, आत बसून बोलतो आणि कारण न कळता परततो. दुसरा अर्ज करावा की नाही, केला तर काय बदलावे, हे ठरवायचे असेल तर आधी ही पद्धत समजून घ्यायला हवी.

पेशाची जन्मकथा

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे बोलीभाषेत ‘पीए’, हा डॉक्टरांच्या चमूत राहून रुग्ण तपासणारा, निदान करणारा आणि औषधे लिहून देणारा व्यावसायिक. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांचा तुटवडा होता आणि नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले अनुभवी तरुण नागरी जीवनात परतत होते. त्यांच्या हाताला असलेले कौशल्य वाया जात होते. स्टेड यांनी नौदलातून आलेले चार जण निवडले. त्यांपैकी तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी पदवीधर झाले.

ही जन्मकथा निवडीच्या निकषांत आजही जिवंत आहे. रुग्णाला हात लावून केलेल्या कामाचा अनुभव या अभ्यासक्रमांना इतका महत्त्वाचा का वाटतो, याचे उत्तर त्या पहिल्या चौघांत आहे. आज अमेरिकेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची संख्या ३००च्या पुढे गेली आहे. साधारण सव्वादोन वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळते. औषधे लिहिण्याचा अधिकार पन्नासही राज्यांत आहे. तो देणारे शेवटचे राज्य इंडियाना, तेही २००७ साली. पगार चांगला, मागणी मोठी, म्हणून अर्जही भरपूर.

निवड कशी चालते

बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ‘कॅस्पा’ या मध्यवर्ती सेवेतून जातात. तिचे नवे चक्र दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस उघडते. गुणपत्रके, रुग्णसेवेचे तास, शिफारसपत्रे आणि पाच हजार अक्षरचिन्हांच्या आत बसणारे आत्मनिवेदन एकदाच भरायचे आणि हव्या त्या संस्थांकडे पाठवायचे. प्रत्येक संस्थेमागे शुल्क वेगळे. पुष्कळ संस्था अर्ज येतील तसे पाहतात, मुलाखती घेतात आणि जागा वाटत जातात. त्यामुळे शेवटच्या तारखेला आलेला उत्तम अर्जही उरलेल्या मोजक्या जागांसाठी भांडत असतो.

मुलाखतीला बोलावणे आले याचा अर्थ कागद पसंत पडले. मात्र जागांच्या कितीतरी पट उमेदवार मुलाखतीला असतात. मुलाखतीनंतर अनेक ठिकाणी सगळ्यांची पुन्हा क्रमवारी लागते आणि तिच्यात मुलाखतीच्या गुणांबरोबर कागदही पुन्हा मोजले जातात. म्हणजे मुलाखत चांगली होऊनही गुणपत्रकाच्या फरकाने कुणी मागे पडू शकतो. शिवाय ग्रामीण भागात काम करू इच्छिणारे, माजी सैनिक, स्थानिक रहिवासी यांना काही संस्था त्यांच्या ध्येयानुसार झुकते माप देतात. हे उमेदवाराच्या हातातले नसते.

मुलाखतीचे मोल किती?

या ठिकाणी एक जुना दाखला उपयोगी पडेल. तो पीएचा नाही, डॉक्टरीच्या शिक्षणाचा आहे. १९७९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जागा १५०वरून २०० करायला सांगितले. निवड तोवर उरकली होती. त्यामुळे मुलाखतीनंतर आधी नाकारलेल्या, क्रमवारीत बरेच खाली असलेल्या उमेदवारांतून ५० जण घ्यावे लागले. पुढे संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली. परीक्षांत, रुग्णालयातील कामात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हा अभ्यास १९८७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ मुलाखती निरर्थक आहेत असा नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला छोट्या-छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत विकसित केली, ती एका परीक्षकाच्या आवडीनिवडीचा प्रभाव कमी व्हावा म्हणूनच. अनेक पीए अभ्यासक्रम आज ती वापरतात. पण ह्यूस्टनचा दाखला एक गोष्ट ठामपणे सांगतो : मुलाखतीनंतरचा नकार हा त्या दिवशीच्या त्या क्रमवारीचा निकाल असतो, माणसाच्या कुवतीचा नव्हे. आजीला द्यायचे उत्तर असेल तर हे.

आधी निदान, मग उपचार

एकही बोलावणे आले नसेल तर दोष बहुधा कागदांत किंवा संस्थांच्या निवडीत असतो. बोलावणी येऊन नकार आले असतील तर कागद निदान उंबरठा ओलांडण्याइतके भक्कम आहेत. पहिल्या उमेदवाराने गुण वाढवण्याकडे लक्ष द्यावे, दुसऱ्याने मुलाखत आणि कागद दोन्ही तपासावेत. प्रतीक्षा यादीवर नाव असेल तर वर्ग सुरू होईपर्यंत आशा सोडू नये. एकाच वेळी अनेक जागा मिळालेले उमेदवार शेवटपर्यंत गळत असतात.

कारण विचारता येते. काही संस्था प्रवेश आटोपल्यावर अभिप्राय देतात, पुष्कळ देत नाहीत. चार ओळींचे सभ्य पत्र लिहावे, वाद घालू नये, आणि उत्तर आले तर ते मनाला लावून न घेता वहीत लिहून ठेवावे. दोन संस्थांनी एकच उणीव दाखवली तर ती खरी मानावी.

मग तारखांचा प्रश्न येतो. मार्चमध्ये नकार आला आणि एप्रिलच्या अखेरीस चक्र उघडले, तर मधल्या सहा आठवड्यांत काय बदलणार? मे-जूनमध्ये लवकर अर्ज करण्याचा फायदा खरा आहे, पण तोच अर्ज पुन्हा पाठवला तर निकाल बदलण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्यांदा येणाऱ्याला अनेक संस्था सरळ विचारतात, “गेल्या वर्षीपेक्षा आता काय वेगळे आहे?” या प्रश्नाला दोन-तीन ठोस वाक्यांत उत्तर देता येत नसेल, तर एक वर्ष थांबणे शहाणपणाचे.

गुणांचे आणि तासांचे गणित

गुण सुधारण्याच्या बाबतीत कॅस्पाचा एक नियम घरोघरी धक्का देतो. विषय पुन्हा केला तरी जुना गुण पुसला जात नाही, दोन्ही धरले जातात. चार श्रेयांकांच्या रसायनशास्त्रात ‘सी’ म्हणजे २ गुण मिळाले आणि पुन्हा करून ‘ए’ म्हणजे ४ मिळाले, तर त्या आठ श्रेयांकांची सरासरी ३च होते. १३० श्रेयांकांवर ३.२ सरासरी असलेल्या उमेदवाराने आणखी १२ श्रेयांकांत सगळीकडे ‘ए’ मिळवला, तरी एकूण सरासरी ३.२७वर थांबते. मात्र विज्ञान विषयांचे श्रेयांक ६० असतील आणि नवे बारा विज्ञानाचेच असतील, तर विज्ञानाची सरासरी ३.२वरून ३.३३ होते. म्हणून वरच्या पातळीचे विज्ञान विषय घेणे अधिक लाभाचे. आकडा थोडाच हलतो, पण अलीकडचे गुण चढते आहेत हे परीक्षकाला दिसते.

तासांचे गणित सोपे आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे म्हणजे २,००० तास. परंतु तासांचा दर्जाही पाहिला जातो. रुग्णाची प्रत्यक्ष जबाबदारी असलेले काम वेगळे आणि रुग्णालयातील कार्यालयीन काम वेगळे. कॅस्पा त्यांची नोंद वेगवेगळ्या सदरांत घेते. स्वागतकक्षात काढलेली दोन वर्षे रुग्णवाहिकेवरच्या एका वर्षाची जागा घेत नाहीत.

आत्मनिवेदन नव्याने लिहावे. जुनीच शिफारसपत्रे पुन्हा न वापरता, या वर्षी ज्या डॉक्टरांच्या किंवा पीएंच्या हाताखाली काम केले त्यांच्याकडून नवी घ्यावीत. ज्या संस्थांनी मुलाखतीला बोलावले होते त्यांना यादीतून वगळू नये. आपले कागद तिथे पसंत पडलेले आहेत.

“डॉक्टर का नाही?”

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न हाच. आपल्या घरांत तो मुलाखतीच्या कितीतरी आधी विचारलेला असतो, तोही जरा दुखावणाऱ्या सुरात. त्यामुळे आपली मुले या प्रश्नापुढे बचावात्मक होतात. ‘शिक्षण कमी वर्षांचे आहे’, ‘संसाराला वेळ मिळतो’ ही उत्तरे खोटी नसली तरी अपुरी आहेत. पीए एका विशेष शाखेतून दुसरीत तुलनेने सहज जाऊ शकतो, चमूत काम करतो, आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखून वेळीच डॉक्टरांना बोलावतो. हे मनापासून हवे असेल तर ते स्वतः पाहिलेल्या एखाद्या रुग्णाच्या प्रसंगातून सांगता येते. पाठ केलेले उत्तर तिसऱ्या वाक्याला उघडे पडते.

दुसरी सवय नम्रतेची. ‘आम्ही केले’ असे म्हणण्याचा आपला संस्कार चांगला आहे, पण परीक्षकाला ‘तू काय केलेस’ हे कळायला हवे असते. गटचर्चेत मात्र उलट : तिथे दुसऱ्याला बोलू देणारा, गप्प बसलेल्याला सामावून घेणारा नजरेत भरतो. तयारीसाठी आरशापेक्षा परका माणूस बरा. आईवडील एक तर लगेच खूश होतात किंवा लगेच रागावतात.

आईचाही अर्ज

काही घरांत अर्ज करणारी मुलगी नसून आईच असते. भारतातून एमबीबीएस किंवा फिजिओथेरपी करून नवऱ्याबरोबर आलेल्या कित्येक जणी या वाटेचा विचार करतात. त्यांनी एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : भारतातील वैद्यकीय पदवीवर पीएची राष्ट्रीय परीक्षा देता येत नाही. अमेरिकेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. परदेशी गुणपत्रकांचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि अनेक संस्था पूर्वतयारीचे विषय अमेरिकेतच केलेले मागतात, काही ते अलीकडच्या ठरावीक वर्षांतलेच हवेत म्हणतात. व्हिसाच्या अटीही प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या. पहिल्याच फेरीत हे तपासले नाही, तर नकार कशामुळे आला हे कळायलाच एक वर्ष जाते.

किती वेळा?

दुसरा प्रयत्न बहुतेकांनी करावा, मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांनी तर नक्कीच. तिसऱ्या वेळी मात्र घरात बसून मोकळेपणाने बोलावे. प्रत्येक चक्रात पैसे जातात, त्याहून अधिक म्हणजे एक वर्ष जाते. त्या वर्षात रुग्णसेवेचे काम करताना समाधान मिळत असेल तर ते वर्ष वाया गेले असे कुणी म्हणू नये. आणि त्याच कामाचा कंटाळा येऊ लागला असेल तर तोही एक निकालच आहे. तो नकाराच्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त खरा आहे आणि तो ज्याचा त्यालाच वाचता येतो.